उन्हाळ्याची सुट्टी की सेवेतला खंड?

तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरतं मानधन घेऊन, मी कॉलेजात १९ वर्षं मराठी शिकवलं. घरच्या फायलीत नेमणुकीची १९ पत्रं आहेत. दर वर्षी नवं पत्र, पण ओळ तीच : 'नेमणूक तात्पुरती असून कायम सेवेचा हक्क सांगता येणार नाही.' परीक्षा जवळ आल्या की तास थांबायचे, तासांबरोबर मानधनही. जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून.

पेन्शनचं सोडा, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले कायम प्राध्यापकही जुन्या पेन्शनसाठी झगडताहेत. पण ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम? नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक आले, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. तरी त्या कायद्यात पाच वर्षांच्या सलग सेवेची अट होतीच आणि आमचा दर उन्हाळा कागदोपत्री खंड ठरायचा. तो खंड आम्ही मागितला नव्हता. (उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मात्र त्याच खंडात आमच्याकडे यायचे.)

शासनाने सलग वर्षांऐवजी प्रत्यक्ष शिकवलेले तास धरून निदान एकरकमी रक्कम द्यावी. तासांची बिलं प्राचार्यांच्या सहीनिशी कार्यालयात पडून आहेतच.

– एक तासिका प्राध्यापक (माजी म्हणावं का, ठाऊक नाही), सोलापूर