आधी व्यायामाला संधी द्यावी

महोदय,

शाहू स्टेडियमवर गुडघा पिरगळलेल्या पोराला ‘लगेच ऑपरेशन कर’ असा सल्ला पेठेतला प्रत्येकजण देतो. माझ्या मुलाचे एसीएल लिगामेंट (गुडघ्याच्या आत हाडांना जोडून सांधा स्थिर ठेवणारा पट्टा) तुटले तेव्हा गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचा स्नायू आवळतानाही त्याला घाम फुटायचा. तरीही आम्ही आधी फिजिओथेरपीच निवडली. स्वीडनमधील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी पुनर्वसन घेतलेल्या ५९ तरुणांपैकी ३६ जणांवर दोन वर्षांत लिगामेंटची शस्त्रक्रिया करावी लागली नाही. अर्थात, गुडघा अडकत असेल किंवा वारंवार निसटत असेल, तर शस्त्रक्रिया टाळू नये. मात्र त्यानंतरही मैदानात उतरण्यापूर्वी किमान नऊ महिन्यांचा व्यायाम लागतोच, हे फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमींनी खेळाडूंना आधीच सांगावे.

– एक पालक, शिवाजी पेठ, कोल्हापूर