संस्थेचा जुना डेटा हलवण्याआधी

माननीय संपादक,

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्राने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. मंजुरीच्या वेळी ६३ हजार संस्था आणि २,५१६ कोटी रुपये असा त्याचा पसारा होता. आपल्याकडची पीकेपीएस (कर्नाटकातली प्राथमिक कृषी पतसंस्था) असो की निपाणी-खानापूरच्या पेठेतली पतसंस्था, जुने सॉफ्टवेअर सोडताना घोडे बहुधा एकाच जागी अडते. प्रोग्रामर निघून गेलेला, कागद काही नाही आणि हातात दीड-दोनशे टेबले, म्हणजे डेटाबेसमधले नोंदींचे तक्ते. सभासद, कर्ज, जामीन, पावती यांतले कोणते टेबल कशाला जोडले आहे, ते कुठेच लिहिलेले नसते. मग नवे सॉफ्टवेअर देणारे अंदाजाने जोडतात आणि एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावे पडते.

पहिली गोष्ट, काउंटरच्या मशीनवर काही करू नये. बॅकअप वेगळ्या संगणकावर उतरवून घ्यावा. मग डेटाबेसलाच विचारावे. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस या तिन्ही डेटाबेस सॉफ्टवेअरांत ‘इन्फर्मेशन स्कीमा’मध्ये (डेटाबेसच्या स्वतःच्या रचनेच्या नोंदीत) जाहीर केलेल्या फॉरेन की, म्हणजे एका टेबलातला कॉलम दुसऱ्या टेबलाशी जोडणारे नियम, सापडतात. ती यादी रिकामी आली तरी नाती नाहीत असे समजू नये. मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम प्रकारच्या टेबलांत फॉरेन कीची ओळ बिनतक्रार स्वीकारली जाते आणि चक्क सोडून दिली जाते. अशा ठिकाणी आकृती काढणारे टूल दीडशे सुटे चौकोन काढून देते, एवढेच. त्यापेक्षा व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी), स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेले छोटे प्रोग्राम) आणि छापील अहवालांच्या फायली उघडाव्यात. कर्ज थकबाकीचा अहवाल रोज बरोबर निघत असेल, तर त्यातला जॉईन, म्हणजे दोन टेबले जोडणारी ओळ, हा चालता पुरावा आहे.

कॉलमच्या नावावर मात्र आपल्या भागात अजिबात विसंबू नये. रोमन लिपीत ‘साल नंबर’ असा कॉलम दिसला की मराठी माणूस तो वर्षाचा समजतो. लिहिणारा कन्नड असेल तर तो कर्जाचा नंबर असतो, कारण कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज.

खरी पारख आकड्यांनी होते. कर्ज टेबलातला सभासद नंबर सभासद टेबलात आहे का, हे लेफ्ट जॉईन करून (जोडीदार नसला तरी कर्जाची प्रत्येक ओळ ठेवणारी जोडणी) पाहावे आणि जोडीदार न सापडलेल्या ओळी मोजाव्यात. दहा हजारांत वीस-तीस निघाल्या तर नाते बहुधा खरे. त्या ओळी पुसलेल्या सभासदांच्या किंवा नंबराऐवजी शून्य टाकलेल्या असतात. निम्म्या निघाल्या तर जोडी चुकली, किंवा लिहिण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. एकीकडे ‘००१२५’ हा मजकूर आणि दुसरीकडे १२५ हा आकडा, मागे राहिलेली मोकळी जागा, कुठे देवनागरी अंक. आधी ते सारखे करून पुन्हा मोजावे. जोडल्यावर कर्जाच्या ओळी मूळ संख्येपेक्षा वाढल्या तर की, म्हणजे जोडणीसाठी घेतलेला कॉलम, अपुरी आहे. बऱ्याचदा प्रत्येक शाखेत खाते नंबर १ पासून सुरू होतो, म्हणून शाखा कोड आणि खाते नंबर दोन्ही घेऊन जोडावे लागते.

फसगत होते ती लहान आकड्यांत. सहा शाखांचे कोड १ ते ६. हप्ता क्रमांक, ठेवीचा प्रकार, व्याजाचा गट हेही १ ते ६. सगळेच सगळ्यात शंभर टक्के बसते आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी तारखा लावून पाहाव्यात. कर्जाची तारीख सभासदत्वाच्या तारखेआधीची निघत असेल, तर नाते खोटे आहे किंवा राजीनामा दिलेल्याचा नंबर नव्या माणसाला दिला आहे. ही दुसरी चूक नुसत्या मोजणीत कधीच सापडत नाही.

जामीनदारांच्या टेबलात सभासद नंबर दोनदा येतो, एकदा कर्जदार म्हणून आणि एकदा जामीनदार म्हणून. दोन्ही कॉलम सभासद टेबलात तंतोतंत बसतात, त्यामुळे कोणता कोणाचा हे मोजणी सांगू शकत नाही. दोन-चार मूळ कर्जरोखे काढून ताडून पाहावे.

नावावरून जोडणे तर नकोच. एकाच ‘पाटील’चे रोमन स्पेलिंग तीन तऱ्हेचे असते. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले नाव युनिकोडमधल्या नावाशी जुळत नाही. पडद्यावर सारखे दिसले तरी आतले कोड वेगळे असतात. गावाच्या कॉलमात नोव्हेंबर २०१४ च्या नामांतरामुळे बेलगाम आणि बेळगावी ही दोन स्पेलिंगे शेजारी-शेजारी मिळतात.

तरीही काही टेबलांचा ठाव लागला नाही, तर बॅकअपच्या त्या प्रतीवर जुना प्रोग्राम चालवून ७,४१३ रुपये अशी विचित्र रकमेची एकच भरणा पावती करावी. आधी आणि नंतर सगळ्या टेबलांच्या ओळी मोजाव्यात, मग ७४१३ हा आकडा शोधावा. पावती, किर्द, खतावणी असा तिचा माग लागतो. ओळ न वाढता नुसती शिल्लक बदललेली टेबलेही त्यात सापडतात.

शेवटची कसोटी जमाखर्चाची. सापडलेल्या नात्यांवरून ३१ मार्चची कर्जबाकी खातेवार काढून बेरीज करावी. ती छापील तेरजेतल्या (ट्रायल बॅलन्समधल्या) त्या शीर्षाशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. फरक आला तर तो कोणत्या शाखेत, कोणत्या कर्जप्रकारात आहे हे पाहिले की चुकलेला जॉईन बहुधा तिथेच मिळतो.

संचालक मंडळांना विनंती एवढीच, की करारात नात्यांचा नकाशा लेखी मागावा. प्रत्येक नात्यापुढे न जुळलेल्या ओळींची संख्या लिहिलेली असावी. तेरीज जुळल्याच्या कागदावर सचिव आणि लेखापरीक्षकांची सही झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, आणि जुनी प्रत पुढचे लेखापरीक्षण होईपर्यंत पुसू नये.

आपले,
डेटाबेसचे काम करणारे काही वाचक, बेळगाव