अकरा वह्यांचे आभार

आदरणीय काकूंस,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षी ज्येष्ठात मी एल्फांवरच्या (युरोपीय लोककथांतल्या, माणसासारख्या दिसणाऱ्या अद्भुत लोकांवरच्या) माझ्या कादंबरीचे हस्तलिखित, म्हणजे चारशे बारा पानांचा गठ्ठा, सदाशिव पेठेतल्या आपल्या वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर ठेवला, तेव्हा माझी अपेक्षा एवढीच होती की सवड मिळेल तसा तुम्ही तो वाचावा आणि तुमचे मत सांगावे. तुम्ही पहिली दहा पाने उभ्या उभ्याच वाचलीत, चष्मा काढून ठेवलात आणि म्हणालात, "माझ्या एकटीच्या मतावर जाऊ नका. मला पाच प्रती काढून आणून द्या, मी वाचक देते." अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून पाच झेरॉक्स प्रती काढून, स्पायरल बांधून मी त्या तुमच्याकडे पोहोचवल्या, आणि पुढच्या सात महिन्यांत तुम्ही त्या अकरा सभासदांकडून वाचून घेतल्या. प्रत्येकाला तुम्ही एक शंभर पानी वही दिली होती. मुखपृष्ठावर फक्त क्रमांक आणि वाचकाचे वय होते. नावे मी पुन्हा पुन्हा विचारली. तुम्ही दिली नाहीत. "नाव कळले की तुम्ही माणसाला उत्तर देत बसाल," असे तुम्ही म्हणालात. त्या अकरा जणांपर्यंत माझे आभार पोहोचावेत यासाठी दुसरा मार्ग नसल्यामुळे मी हे पत्र खाजगी न ठेवता सर्वांसमोर लिहीत आहे.

त्याआधी माझ्याजवळ मते नव्हती असे नाही. घरच्यांनी आणि मैत्रिणींनी वाचून 'छान आहे' म्हटले होते. एका प्रकाशकाने 'विषय आपल्याकडचा वाटत नाही' एवढ्या एका वाक्यासह हस्तलिखित परत पाठवले होते. या दोन्ही प्रकारच्या अभिप्रायांनी माझी चार वर्षे जिथल्या तिथे ठेवली, कारण स्तुतीतून काय राखावे ते कळत नव्हते आणि नकारातून काय बदलावे ते कळत नव्हते. तुम्ही वाचकांना दोनच अटी घातल्या होत्या. 'छान' हा शब्द लिहायचा नाही. आणि वाचता वाचता जिथे पुस्तक खाली ठेवले, त्या पानाचा क्रमांक लिहायचा, मग ते जेवायला उठल्यामुळे असो, झोप आल्यामुळे असो की कंटाळ्यामुळे. या दुसऱ्या अटीचे मोल मला त्या वेळी समजले नव्हते.

अकरा वाचकांपैकी चौघे पंधरा वर्षांच्या आतले होते आणि सर्वांत लहान अकरा वर्षांचा होता, याबद्दल मी तुमच्याजवळ नाराजी बोलून दाखवली होती. आज त्या नाराजीबद्दल क्षमा मागते. १९३६ साली लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे इंग्रज लेखक टोल्किन यांच्या 'द हॉबिट' या अद्भुतकथेचे हस्तलिखित आले, तेव्हा त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाकडे, रेनरकडे, वाचायला दिले आणि लेखी अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग दिला, हे मला नंतर वाचनात सापडले. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल, असा निर्वाळा त्याने दिला आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये पुस्तक निघाले. मोठेपणी प्रकाशनाच्या व्यवसायात आलेल्या याच रेनरने तोट्याचा धोका दिसत असतानाही 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा आग्रह धरला, आणि १९५४-५५ मध्ये त्या कादंबरीचे तीन खंड प्रसिद्ध झाले. एल्फांच्या गोष्टी आज जगभर वाचल्या जातात, त्याच्या मुळाशी एका लहान वाचकाचे मत गांभीर्याने घेणारा एक मोठा माणूस आहे. आपल्या वाचनालयात ते काम तुम्ही केलेत.

आता वह्यांविषयी लिहिते.

पहिल्या मसुद्यात मी एल्फांना 'यक्ष' म्हटले होते. परका शब्द टाळावा, एवढाच त्यामागचा विचार होता. क्रमांक तीनच्या एकाहत्तर वर्षांच्या वाचकांनी (अक्षरावरून आणि शुद्धलेखनावरून ते संस्कृतचे शिक्षक असावेत, असा माझा अंदाज आहे) या एका शब्दावर चार पाने लिहिली. यक्ष हे कुबेराचे सेवक, धनाचे राखणदार. 'मेघदूता'तला यक्ष कामात चुकला म्हणून वर्षभर कुबेराच्या अलका नगरीबाहेर काढला गेला. तुमच्या कादंबरीतल्या लोकांना ना धन आहे ना धनी, मग हे नाव त्यांना का चिकटवता, असा त्यांचा प्रश्न होता. क्रमांक आठच्या चौदा वर्षांच्या मुलाने तीच गोष्ट तीन ओळींत सांगितली. यक्ष म्हटल्यावर त्याला महाभारतातला तळ्याकाठचा यक्ष आठवला, आणि हा आता प्रश्न विचारील, मग विचारील, अशी वाट पाहत तो साठाव्या पानापर्यंत गेला. एकीने 'गंधर्व' सुचवले होते, परंतु दुसऱ्या वहीत, बहुधा वाचनालयात झालेल्या चर्चेनंतर, त्याला उत्तर आहे की पुण्यात गंधर्व म्हटले की मन जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व नाट्यगृहात जाते आणि तिसऱ्या घंटेची वाट पाहू लागते. 'परी' हा शब्द फारसीतून आलेला, आणि मुलांच्या डोळ्यांसमोर त्याला पंख आणि हातात चांदणीची काठी असतेच.

या वह्या वाचल्यानंतर मी टोल्किन यांनी भाषांतरकारांसाठी लिहिलेले टिपण मिळवून वाचले. ते त्यांच्या निधनानंतर, १९७५ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या 'एल्फ' या शब्दाविषयीसुद्धा त्यांना काळजी होती. जर्मन भाषेतला 'एल्फ' हा इंग्रजीवरूनच घेतलेला असल्यामुळे त्याला चिमुकल्या, नाजूक पऱ्यांचा वास चिकटलेला आहे, तेव्हा त्याऐवजी जुन्या वळणाचे रूप पाहावे, असे त्यांनी संकोचाने सुचवले आहे. ज्या शब्दाला मी मूळचा आणि निर्दोष समजत होते, त्याच्याही मागे नको असलेल्या आठवणी होत्या, हे वाचून माझा पेच सुटायला मदत झाली. शब्द निर्दोष मिळणार नव्हता. वाचकाच्या मनात आधीपासून काय आहे, ते पाहून निवड करायची होती. क्रमांक सहाच्या तेरा वर्षांच्या मुलीने लिहिले होते: "एल्फच म्हणा. आम्हाला एल्फ माहीत आहेत. आणि बाई असेल तर एल्फीण म्हणा, वाघीण म्हणतो तसे." एल्फीण हा शब्द मला चार वर्षांत सुचला नव्हता. तो 'ईण' प्रत्यय लागताच परका शब्द मराठीच्या व्याकरणात येऊन बसतो, आणि परीचे नाजूकपण जाऊन त्यात वाघिणीचा दरारा येतो. नव्या मसुद्यात त्यांची राणी नाही, त्यांची म्होरकी एल्फीण आहे, आणि तो शब्द त्या मुलीचा आहे.

क्रमांक दोनच्या वाचकाचे मत एका वाक्याचे होते: "तुमच्या जंगलात पाऊस पडत नाही." मी सगळी पाने पुन्हा तपासली. बर्फ पाच ठिकाणी होता, सूचिपर्णी वृक्ष पानोपानी होते. गोष्ट मुळशीच्या बाजूच्या एका गावात सुरू होऊनही पाऊस एकदाही नव्हता. मग त्या वाचकाने दोन पानांवर देवराईचे वर्णन केले होते: कुऱ्हाड न लागलेले आंबे आणि बेहडे, माणसाच्या मांडीएवढा गारंबीचा वेल, पावसाळ्याच्या तोंडावर झाडेच्या झाडे उजळवणारे काजवे, आणि वाळकी काटकीसुद्धा घरी नेऊ नये हा गावाचा नेम. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रीय जगापुढे मांडले, हे मी ऐकून होते. माझ्या कादंबरीशी त्याचा संबंध जोडावा, हे मात्र मला सुचले नव्हते. एल्फांना राहायला याहून योग्य जागा कोणती असणार? परतलेल्या हस्तलिखितासोबत आलेल्या प्रकाशकाच्या त्या वाक्याचे उत्तर मला या वहीत मिळाले.

लढाईच्या प्रकरणांविषयी मतभेद होते, ते अपेक्षितच होते. मुलांना ती अपुरी वाटली, मोठ्यांनी ती ओलांडली.

मला सर्वांत जास्त वेळ लागला तो एकशे सत्त्याऐंशी या पानावर. अकरांपैकी सात वाचकांनी तिथे पुस्तक खाली ठेवले होते आणि सातही जणांची कारणे निराळी होती. कोणाला एल्फांच्या भाषेतली नावे लांब वाटली, कोणाला नदीचे वर्णन, एकाने झोप आली असे प्रामाणिकपणे लिहिले होते. मी नावे आखूड केली, वर्णन कापले, आणि तरीही ते पान मेलेलेच राहिले. तेव्हा मी तुमच्याकडे आले. वाचनालय बंद करण्याची वेळ झाली होती; तुम्ही पुस्तके कपाटात लावत लावतच म्हणालात, "वाचक थांबला कुठे, ते तो बरोबर सांगतो. का थांबला, ते बहुतेकदा चुकीचे सांगतो. कारण तुम्ही शोधायचे." चाळीस वर्षे परत आलेली पुस्तके हाताळणाऱ्या, कोणत्या पानाशी खूण अडकून राहिली आहे ते रोज पाहणाऱ्या व्यक्तीलाच हे सांगता येईल.

कारण मला क्रमांक अकराच्या वहीत सापडले, आणि ज्या आजींनी ते लिहिले त्यांचे आभार मानताना माझे शब्द कमी पडत आहेत. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. माझी गोष्ट आटलेला झरा शोधायला निघालेल्या बारा वर्षांच्या मुलीची आणि तिला वाट दाखवणाऱ्या नऊशे वर्षांच्या एल्फाची आहे. आजींनी लिहिले आहे की अमर माणूस त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा तेल मागत हिंडतो, आणि रात्री दाराशी कोणी तेल मागितले तर नाही म्हणू नये, असे त्यांची आजी सांगत असे. त्याखाली त्यांनी विचारले होते: "तुमचा एल्फ नऊशे वर्षे जगला. इतक्या वर्षांत त्याची किती माणसे गेली? तो कोणाच्या दारात तेल मागतो?"

काकू, या दोन प्रश्नांनी माझी कादंबरी बदलली. टोल्किन यांच्या एल्फांना म्हातारपण आणि आजार नसतो, पण ते शस्त्राने मरतात, दुःखाने खंगतात, आणि जगाच्या ओझ्याने शिणत जातात. माणसाच्या मृत्यूला तिथे देणगी म्हटले आहे. त्या परंपरेतून मी अमरत्व तेवढे उचलले होते आणि शीण मागे ठेवला होता. माझ्या एल्फाला काहीही झाले नव्हते, त्याला कोणाची गरज नव्हती, त्याला सगळे ठाऊक होते, म्हणून सगळे निर्णय तोच घेत होता. एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर पोहोचेपर्यंत मुलीने सलग चाळीस पाने स्वतःहून काहीच केले नव्हते. सात वाचकांना ते जाणवले होते. नव्या मसुद्यात एल्फ तिच्याशी मैत्री करायलाच तयार नाही, कारण तिला मरताना पाहावे लागेल हे त्याला माहीत आहे. त्याने अशी माणसे आधी पाहिली आहेत आणि त्यांची नावे तो उच्चारत नाही. सतराव्या प्रकरणापर्यंत तो तिला नावाने हाक मारत नाही. तोवर वाट तिलाच शोधावी लागते, आणि एका पावसाळी रात्री, ज्या पानावर सात जण थांबले होते त्याच पानावर, तो तिच्या झोपडीच्या दाराशी येऊन दिव्यासाठी तेल मागतो.

ही गोष्ट मी एकटीने लिहिली असे आता मला म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणण्याची इच्छाही नाही. तुम्ही स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी वाचकांच्या घरी जाऊन प्रती पोहोचवल्यात, ज्यांनी वही कोरी परत केली त्यांना पुन्हा वाचायला लावलेत, आणि या सगळ्याबद्दल एकदाही माझ्याकडून चहाचा कप घेतला नाहीत. तुमचे स्वतःचे मत मात्र तुम्ही अजून दिलेले नाही. ते मला हवे आहे, आणि तुमच्याच अटींवर हवे आहे.

नवा मसुदा तीनशे छप्पन्न पानांचा झाला आहे. येत्या सोमवारी सकाळी त्याच्या पाच प्रती आणि एक कोरी शंभर पानी वही मी देवघेव खिडकीवर आणून देईन. त्या वहीवर बारा हा क्रमांक मी घातला आहे आणि वयाची जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. पहिली प्रत शक्य असल्यास क्रमांक सहाच्या मुलीला द्यावी. जुन्या वह्यांपैकी दहा मी सोबत परत करीत आहे. अकरावी वही माझ्याजवळ ठेवण्याची परवानगी आजींना विचारून कळवावी, आणि त्यांनी नाही म्हटले तर तीही मी लगेच आणून देईन.

आपली कृतज्ञ,
वाचनालयाची एक सभासद
पुणे