तोंडातली गाठ काढल्यावर ती तपासायला पाठवाच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात तोंडात गाठ आली म्हटलं की घरचे थेट कॅन्सरवरच जातात. गल्लोगल्ली पानठेल्यांवर खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटला जातो, त्यामुळे ही धास्ती खोटी नाही. खर्रा खाणाऱ्याने बरी न होणारी जखम किंवा पांढरा चट्टा अंगावर काढू नये, हे मीही सांगत असते. पण गाठ कसली आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. अन् नेमकी तीच गाठ काढून कचऱ्यात टाकली जाते, म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथे, टेक्निशियन म्हणून झाली. एकदा इतवारीतल्या एका तरुणाच्या वरच्या ओठातून काढलेली, हरभऱ्याएवढी निळसर गाठ आली. चिठ्ठीवर 'म्युकोसील' (लाळ साचून झालेला फुगा) लिहून पुढे प्रश्नचिन्ह होतं. बाहेर त्याची आई रडून रडून थकली होती. मी काप काढले, रंगवले आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला बोलावून स्लाइड दाखवली. पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्या आणि त्यांना बिलगून गोल पेशींचे थरावर थर. सगळ्या एकाच मापाच्या, मधोमध गोल केंद्रक, कड अगदी स्पष्ट. विभाजन होत असलेली पेशी शोधूनही सापडेना. पेशींभोवतीचं बारीक आवरण दाखवणारा पीएएस रंग दिल्यावर पेशीपेशीभोवती किरमिजी बारीक रेघ उमटली. मायोएपिथेलिओमा या लाळग्रंथीच्या गाठीशी गल्लत होऊ नये म्हणून पेशींतली प्रथिनं ओळखणाऱ्या पुढच्या चाचण्या झाल्या. स्मूद मसल ॲक्टिन पॉझिटिव्ह, सायटोकेराटिन आणि एस-100 निगेटिव्ह. निदान निघालं ग्लोमस ट्यूमर.

आपल्या त्वचेत बारीक धमनी आणि शीर थेट जोडणाऱ्या ग्लोमस नावाच्या रचना असतात. रक्तप्रवाह कमी-जास्त करून त्या शरीराचं तापमान सांभाळतात. बोटांच्या टोकांशी त्या जास्त, म्हणून त्यांच्यातूनच उगवणारी ही गाठ बहुतेक वेळा नखाखाली होते आणि गार पाणी लागलं की जीवघेणी कळ येते. पियरे मॅसन या विकृतिशास्त्रज्ञांनी 1924 मध्ये तिचं नीट वर्णन केलं. तोंडात ती फार क्वचित, त्यातल्या त्यात ओठात. तिथे पुष्कळदा दुखतही नाही, त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. बहुतांश गाठी साध्या असतात, पूर्ण काढल्या की सहसा परत येत नाहीत. क्वचित एखादी घातक निघते, तेही मायक्रोस्कोपखालीच कळतं. त्या पोराच्या आईला मॅडमनी स्वतः जाऊन सांगितलं की हा कॅन्सर नाही.

उलटही पाहिलं आहे. एका दवाखान्यातून काढलेली गाठ कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आली. वाळून चामडं झालेली. पेशींची कडच उरली नव्हती, मग रेघ कुठली दिसणार? आणि ज्या गाठी 'साधीच आहे' म्हणून फेकल्या गेल्या, त्यांचा तर हिशेबच नाही. याचा मला आजही संताप येतो. पेशंटने चिरफाड सोसली, पैसे भरले, मग त्याला काय झालं होतं हे कळायला नको?

गाठ निघताक्षणी पेशी टिकवणाऱ्या 10 टक्के फॉर्मलिनमध्ये, गाठीच्या निदान दहापट द्रावात, रुंद तोंडाच्या बाटलीत टाकावी. सलाइनमध्ये नाही. पेशंटने रिपोर्ट मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. लॅबमध्ये पॅराफिनचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) जपलेला असेल तर काही वर्षांनीही त्यावर पुढची चाचणी करता येते. मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात मुखविकृतिशास्त्राचा विभाग आहे, तिथेही चौकशी करता येईल.

शहरातल्या दंतवैद्यांना माझी विनंती आहे की बायोप्सीचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरून आधी सांगावा. वेगळा सांगितला की गरीब माणूस तोच वाचवतो.

आपली वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
मानेवाडा, नागपूर