फादर, लांडग्याला हाक मारायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय फादर,
सादर नमस्कार.

लॅटिनच्या पहिल्या वर्गात मी तीन महिने विभक्तींचे तक्ते घोकत होतो. ‘मेन्सा’ म्हणजे टेबल, हा शब्द सगळ्या रूपांत पाठ झाला. पण एक ओळ वाचता येईना. नाद सोडणारच होतो, तेवढ्यात कुणी तरी तुमच्या वसईच्या घराचा पत्ता दिला.

तुम्ही पुस्तक उघडलंच नाहीत. पाठकोऱ्या कागदावर रोमन कवी ओव्हिदचे तीन शब्द लिहिलेत : ‘गुत्ता कावात लापिदेम’. थेंब दगड पोखरतो. “आपण काय म्हणतो?” मी म्हटलं, थेंबे थेंबे तळे साचे. “आपला थेंब साठवतो, ओव्हिदचा झिजवतो,” तुम्ही म्हणालात, “आता शब्द उलटसुलट कर.” लापिदेम आधी आलं, गुत्ता शेवटी गेलं, तरी झिजला तो दगडच. ‘दगडाला’ मधला ‘ला’ जे करतो, तेच काम तिथे शेवटचा ‘एम’ करत होता. तीन महिन्यांचा तक्ता त्या क्षणी उलगडला. ही ओळ ओव्हिदने काळ्या समुद्राकाठी, हद्दपारीत लिहिली, हे तुम्ही नंतर सांगितलंत. तेव्हापासून तो थेंब मला वेगळाच ऐकू येतो.

मग मुंबईचं बिरुद आलं, ‘ऊर्ब्स प्रीमा इन इंदिस’, हिंदुस्थानातली पहिली नगरी. पुल्लिंगी प्रीमुस का नाही? शहर पहिलं, पण नगरी पहिली. आणि ऊर्ब्स ही नगरी. एवढ्यावर लिंगाचा धडा संपला.

पण खरं ऋण आहे ते रोमन कथाकार फेद्रसच्या लांडगा आणि कोकराच्या गोष्टीचं. ‘सुपेरिओर स्ताबात लुपुस’. सुपेरिओरचा मी ‘श्रेष्ठ’ असा अर्थ लावला. तुम्ही बोटाने ओहोळ काढलात, लांडगा वरच्या अंगाला, कोकरू खालच्या अंगाला. सुपेरिओर म्हणजे नुसता वर उभा असलेला! पाणी त्याच्याकडून खाली वाहतंय, मग ते कोकराने गढूळ केलं कसं? सगळा अन्याय त्या एका शब्दाच्या जागेत आहे. आणि कोकरू घाबरत घाबरत म्हणतं, ‘लुपे’. लांडगा, लांडग्या; लुपुस, लुपे. संबोधनाचं रूप मला पुन्हा कधी पाठ करावं लागलं नाही, कारण त्यात त्या जिवाचा आवाज आहे.

गेल्या आठवड्यात मी ओव्हिदची बाउकिस आणि फिलेमोनची कथा कुणाच्या मदतीशिवाय वाचली. दारी आलेल्या देवांसाठी ते म्हातारं जोडपं आपला एकुलता हंस कापायला निघतं. तो काही हाती लागत नाही. दोघं धापा टाकतात, आणि तो शेवटी देवांपाशीच आसरा घेतो. त्याला तिथे ‘आन्सेर’ म्हटलंय. आपल्या ‘हंसा’च्याच कुळातला शब्द! शेवटी दोघांची झाडं होतात, तोंडावर साल चढत असताना दोघं एकदमच निरोप घेतात. तिथे मला पुढचं दिसेना, डोळे भरून आले होते.

ती पानं मला तुमच्यासमोर मोठ्याने वाचायची आहेत. येत्या रविवारी मिस्सानंतर येतो. तो पाठकोरा कागद अजून जपून ठेवलाय, तोही आणतो.

तुमचा विद्यार्थी