आमच्या रखमाबाईचा पुन्हा रखमा केलात, थँक्यू काका

काका, नमस्कार.
नाव घालू नकोस म्हणालात म्हणून घालत नाही, पण आभार मात्र असे चारचौघांतच मानणार, घरी येऊन मानले असते तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलला असतात.

2023 ची दिवाळी नुकतीच झालेली, कुणबी नोंदी शोधायला तालुक्याच्या रेकॉर्ड रूमबाहेर नुसती जत्रा, आणि मी हातात जुन्या कागदाची झेरॉक्स आणि चुलत्यांनी कधीतरी छापून घेतलेली वंशावळ घेऊन उभी. तुम्ही बाकावर बसून कुणाला तरी मोडी वाचून देत होतात. माझी वंशावळ बघितलीत आणि विचारलंत, "या रखमाबाईचा नवरा कुठाय?" मी म्हटलं तेच तर सापडत नाहीये. तर म्हणालात, "सापडेल कसा, तीच नवरा आहे."

मला वाटलं चेष्टा करताय. त्याआधी एकाने चांगले पैसे घेऊन तोच कागद वाचून दिला होता आणि त्यानेही रखमाबाईच लिहिलं होतं. मग तुम्ही समजावलंत की मोडीत आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्द तोडायची भानगडच नाही, म्हणजे सगळी एकच आगगाडी, त्यात ऱ्हस्व-दीर्घाचाही भेद नाही, म्हणून आम्ही 'रखमाबी' पर्यंत वाचून ती बाई ठरवली आणि पुढचा न म्हणजे शाईचा डाग असेल म्हणून सोडून दिला. तुम्ही पेनाच्या टोपणाने ओळ झाकलीत आणि टोपण हळूहळू सरकवत नेलंत. रखमा. बिन. भागू. भागूचा मुलगा रखमा! बायको असती तर 'कोम' आलं असतं, आणि मराठवाड्यातला कागद असता तर मुलाला वल्द आणि बायकोला जौजे. "नावावरून बाई का बुवा ते ठरवू नकोस, नावामागचा शब्द बघ," हे तुमचं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवत फिरते.

तरी मी वाद घातलाच. तुकोबांची पहिली बायको रखमाबाई, त्या डॉक्टर रखमाबाई, पंढरपूरची रखुमाई, मग आमचाच रखमा पुरुष कसा? तुम्ही म्हणालात, मग शिंद्यांचे सरदार अंबाजी इंगळे कोण? औंधचे भवानराव कोण? नाव देवीचं आणि माणूस मिशीवाला. येसाजी कंक आणि येसूबाई, दोघांत येस आहेच, पुढे जी लागला की बुवा, बाई लागलं की बाई. आणि कुळवाड्याच्या नावापुढे जी लावायला कारकुनाला कुठे वेळ, नुसतं रखमा, भागू, गंगा लिहायचं नि पुढच्या घरी. हे ऐकल्यावर माझी ट्यूब पेटली की आमच्या वंशावळीत रखमाच्या वर जी 'भागूबाई' आहे तीही गेली. दोन पिढ्यांच्या बाप्यांना आम्ही साडी नेसवून भिंतीवर टांगलं होतं! धोंडू, दगडू, भिकू तर दोन्हीकडे चालायचे, पोरं जगत नसली की असलंच नाव ठेवायचं, आणि नथू म्हणजे तर मुलाचं नाक टोचून नथ घातलेली, मुलगी समजून नजर लागू नये म्हणून. हे तुम्ही चहा गार होईस्तोवर सांगत होतात.

पण काका, खरं थँक्यू त्याच्या पुढच्या प्रश्नाला. आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं की 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, नवरा गेला, पोरगं सहा वर्षांचं, आणि रखमाबाईने भावकीशी भांडून चार एकर राखली. तुम्ही विचारलंत, "रखमा तर साथीत मेला, मग जमीन राखली कुणी?" आणि मला 1919 चे फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्या नोंदी, काढायला लावलेत. तीन चकरा झाल्या, एकदा तर गठ्ठाच सापडेना, पण मिळाला. मयत रखमा बिन भागू, वारस मुलगा, अ.पा.क. आई गोदी कोम रखमा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, वयात न आलेल्या वारसाला सांभाळणारं माणूस, हे मला कुठे माहीत, मला वाटलं कुणाची इनिशियल्स. गोष्ट सगळी खरीच होती काका, फक्त बाईचं नाव गेलं होतं. घरात तिला सगळे नुसतं म्हातारी म्हणायचे, चुलत्यांना कागदावर रखमा दिसलं ते त्यांनी तिला चिकटवलं, म्हणजे नवराही गेला आणि तीही गेली.

एका कागदावर विसंबू नकोस, लग्नात नाव बदलतं, यमुनेची रमाबाई रानडे झाली आणि दुसऱ्या यमुनेची आनंदीबाई जोशी, असं म्हणून तुम्ही मला त्र्यंबकेश्वरलाही पिटाळलंत. तिथले गुरुजी यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी वह्यांत ठेवतात, त्यांनी गाव आणि आडनाव विचारून बरोबर वही काढली, आणि पणजोबांच्या नोंदीत वडील रखमा, आई गोदाबाई. घरी फोन लावला तर आत्या दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली, "म्हणून माझं नाव गोदावरी होय!" तिला आयुष्यभर वाटत होतं नाशिकला जन्मली म्हणून.

पैसे घेणार नाही म्हणालात, म्हणून भावाबरोबर शेंगा पाठवल्यात, त्याच चार एकरातल्या. पिशवीच्या तळाशी नव्या वंशावळीची झेरॉक्स आहे, छापायला टाकायच्या आधी एकदा लाल पेन फिरवा. भागूच्या शेजारची जागा मोकळी सोडलीय, त्याच्या बायकोचं नाव अजून मिळालेलं नाही.