तारा कोण लावणार, हे आधी विचारावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दातांना तारा लावण्याच्या आणि दात पांढरे करण्याच्या जाहिराती आता तालुक्याच्या गावांतही चौकाचौकात दिसतात. यवतमाळ जिल्ह्यातील अशाच एका गावी माझ्या मुलीच्या दातांना तारा लावल्या गेल्या. त्यात जे आम्ही वेळेवर विचारले नाही, ते इतर पालकांनी विचारावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लहान गावांतील अनेक दवाखान्यांत तारांचे काम तेथील डॉक्टर नव्हे, तर शहरातून महिन्यातून एकदा येणारे ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणारे तज्ज्ञ, करतात. ही सोय चांगलीच आहे, कारण तिच्यामुळे नागपूरच्या खेपा वाचतात. मात्र आमचे तज्ज्ञ आठव्या महिन्यात येईनासे झाले, दुसरे मिळेपर्यंत तीन महिने तार तशीच राहिली आणि उपचारांचा आराखडा दवाखान्यात कुठेही लिहून ठेवलेला नव्हता. तारेच्या दाबामुळे दाताच्या एका बाजूचे हाड झिजते व दुसऱ्या बाजूला नवे तयार होते, तेव्हा दात सरकतो. म्हणूनच या उपचाराला साधारण दीड ते दोन वर्षे लागतात आणि ठरावीक अंतराने तार तपासून घ्यावी लागते. तारा काढल्यावर दात पूर्वीच्या जागी परतू पाहतात, त्यासाठी रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारे साधन, वापरावा लागतो. आम्हाला हे जाता जाता एका वाक्यात सांगितले गेले. मुलीने काही महिन्यांत रिटेनर सोडला आणि खालचे पुढचे दात पुन्हा एकमेकांवर चढले.

त्यामुळे तारा लावण्यापूर्वी डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडील नोंदणी पाहावी आणि तारा लावणारे फक्त बीडीएस (दंतवैद्यकाची मूळ पदवी) आहेत की त्यानंतर ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे दात सरळ करण्याच्या विषयात, तीन वर्षांचे एमडीएस (पदव्युत्तर पदवी) केलेले आहेत, हे मोकळेपणाने विचारावे. एक्स-रे पाहून काय ठरले, दात काढावे लागतील का आणि सांगितलेल्या खर्चात रिटेनर धरला आहे का, हे लेखी घ्यावे. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न खटकत नाहीत, हे मी दुसऱ्या डॉक्टरांकडे अनुभवले आहे.

दात पांढरे करण्याबाबत मात्र घाई करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मिशरी, खर्रा किंवा चहाचे वरवरचे डाग साध्या सफाईनेही बरेच कमी होतात आणि सफाईने दात हलतात हा समज चुकीचा आहे. ब्लीचिंगमध्ये, म्हणजे रसायनाने दात पांढरे करताना, पेरॉक्साइड वापरतात. त्याने काही दिवस दात शिवशिवू शकतात आणि सिमेंट भरलेल्या किंवा कॅप बसवलेल्या दातांचा रंग बदलत नाही. आमच्या जिल्ह्यात बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे अनेकांच्या दातांवर जे डाग आहेत, ते तर दाताच्या आवरणातच असतात. ते सफाईने जात नाहीत आणि ब्लीचिंगनंतर पांढरे ठिपके काही वेळा अधिकच उठून दिसतात. अशा मुलांच्या पालकांना पॅकेज विकण्याआधी हे सांगितले गेले पाहिजे.

दंत परिषदेने प्रत्येक दवाखान्यात बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि येण्याचे दिवस दर्शनी भागात लावणे सक्तीचे करावे, तसेच तज्ज्ञ बदलल्यास पुढील उपचारांची जबाबदारी दवाखान्याने लेखी घ्यावी, अशी माझी विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा.

आपली,
एक पालक, जि. यवतमाळ